कार-टी पेशी: औषधाचा कच्चा माल रुग्णाच्याच रक्तातला

बी-पेशी या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा ल्युकेमिया किंवा लिंफोमा (रक्ताचा किंवा लसिकाग्रंथींचा कर्करोग) केमोला दाद देईनासा झाला, किंवा बरा होऊन पुन्हा उलटला, की कार-टी पेशींचा पर्याय समोर येतो: रुग्णाच्या टी-पेशी (रोगट पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून त्यांत ‘कार’ या कर्करोग ओळखणाऱ्या कृत्रिम ग्राहक-प्रथिनाचे जनुक घालतात आणि त्या परत देतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या संशोधनातून आलेल्या ‘नेक्सकार १९’ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये भारतात मान्यता मिळाली. या उपचाराची चर्चा बहुतेक जनुकबदलाभोवती फिरते. मात्र प्रत्येकाचे औषध त्याच्याच टी-पेशींपासून बनते, त्यामुळे काढून घेताना त्या कोणत्या अवस्थेत होत्या यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. रुग्णाच्या घरच्यांपर्यंत ही गोष्ट फार उशिरा पोहोचते.

पेशी काढतात त्याला ल्युकाफेरेसिस म्हणतात. शिरेतून रक्त यंत्रात जाते, तिथे ते फिरवून पांढऱ्या पेशींचा थर वेगळा करतात आणि बाकीचे रक्त शरीरात परत सोडतात. याला साधारण ३ ते ५ तास लागतात. तेवढ्यात अंगातले सगळे रक्त दोन-तीनदा यंत्रातून जाऊन येते. रक्त गोठू नये म्हणून घातलेले सायट्रेट कॅल्शियमला बांधून ठेवते. त्यामुळे ओठांना, बोटांना मुंग्या येतात. तसे झाले तर लगेच सांगावे, कॅल्शियम दिले की थांबते. स्टेरॉइड टी-पेशी मारतात, म्हणून ती काही दिवस आधी बंद करावी लागतात.

प्रयोगशाळेत टी-पेशी निवडून आधी जाग्या कराव्या लागतात. त्यासाठी सीडी-३ आणि सीडी-२८ या दोन खुणांना चिकटणारी प्रतिपिंडे वापरतात. पहिलाच इशारा मिळाला, दुसरा नाही, तर पेशी सुस्तावतात. मग रोग निर्माण करणारी जनुके काढून टाकलेला लेंटीविषाणू कारचे जनुक आत नेतो आणि ते पेशीच्या डीएनएत कायमचे बसते. कारचा बाहेरचा भाग बी-पेशीवरची सीडी-१९ ही खूण ओळखतो, आतला भाग ‘मारा’ असा आदेश देतो. यानंतर ३७ अंश सेल्सिअस, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि आयएल-२ (आयएल म्हणजे इंटरल्यूकिन) किंवा आयएल-७ व आयएल-१५ अशा वाढ-प्रथिनांच्या सोबतीत पेशी सहसा ७ ते १० दिवस वाढतात.

जितक्या जास्त वाढवाव्या तितके चांगले, हा समज चुकीचा आहे. फार वेळा विभागलेल्या टी-पेशी थकतात आणि शरीरात गेल्यावर टिकत नाहीत. दीर्घकाळ पहारा करणाऱ्या स्मृती-पेशी अशा लांबलेल्या वाढीत कमी होतात. म्हणून नव्या पद्धतींत हा काळ २-३ दिवसांवर आणण्याची धडपड चालू आहे.

निवडही काटेकोर हवी. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८मध्ये एक प्रकरण प्रसिद्ध केले. टी-पेशींसोबत ल्युकेमियाची एकच पेशी राहून गेली आणि विषाणूने कारचे जनुक तिच्यातही घातले. तो कार तिच्याच पृष्ठभागावरच्या सीडी-१९ला चिकटून बसला. खूण झाकली गेली, टी-पेशींना ती दिसेना, आणि तिच्या वंशातून रोग परतला. रुग्ण दगावला.

म्हणूनच तयार पेशींची पिशवी प्रयोगशाळेतून बाहेर पडण्याआधी तपासण्या होतात: किमान ७० टक्के पेशी जिवंत आहेत ना, जिवाणू, मायकोप्लाझ्मा (अतिसूक्ष्म जिवाणू), एंडोटॉक्सिन (जिवाणूंचे विष) नाहीत ना, एका पेशीत कारच्या जनुकाच्या सरासरी ५पेक्षा कमी प्रती आहेत ना. तपासणीत नापास झालेली खेप पुन्हा करायची तर आठवडे जातात, आणि कर्करोग थांबत नाही. मंजूर पिशव्या डीएमएसओ हे गोठताना पेशींना जपणारे रसायन घालून मिनिटाला सुमारे १ अंश या गतीने गोठवतात, म्हणजे बर्फाचे स्फटिक पेशी फोडत नाहीत.

पेशी देण्याआधी ३ दिवस फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही केमोची औषधे देऊन रुग्णाच्या उरलेल्या लिम्फोसाइट (टी आणि बी-पेशींसारख्या पांढऱ्या पेशी) कमी करतात. त्यांनी वापरली असती ती आयएल-७ आणि आयएल-१५ मग नव्या पेशींना मिळतात. खरी वाढ यानंतर, शरीरातच होते.

तिथेच धोकाही आहे. टी-पेशींच्या हल्ल्यानंतर आयएल-६ हे दाह वाढवणारे प्रथिन उसळते, ताप चढतो, रक्तदाब घसरतो. २०१२मध्ये फिलाडेल्फियात लहान मुलांपैकी पहिल्यांदा हा उपचार घेतलेल्या मुलीचा जीव आयएल-६ला अडवणाऱ्या टोसिलिझुमॅबने वाचला. आज ते औषध हाताशी असल्याशिवाय पेशी देत नाहीत. मेंदूवर परिणाम होतोय का हे पाहण्यासाठी रुग्णाकडून रोज एक वाक्य लिहून घेतात. अक्षर बिघडले तर डॉक्टरांना तातडीने कळवतात. कार-टी पेशी निरोगी बी-पेशीही मारते, त्यामुळे नंतर काहींना इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडे) द्यावे लागते.

आता मूळ मुद्द्याकडे. लिंफोमात वापरले जाणारे बेंडामुस्टिन हे केमोचे औषध टी-पेशींची मोठी हानी करते आणि तो परिणाम कित्येक महिने राहतो. कार-टीची शक्यता असेल तर ते ल्युकाफेरेसिसच्या आधी टाळावे. रोग उलटल्याचे कळताच, केमोची पुढची फेरी ठरण्याआधी, ‘पेशी आता काढून ठेवता येतील का?’ असे डॉक्टरांना विचारावे. काढलेल्या पेशी गोठवून ठेवता येतात आणि लागतील तेव्हा वापरता येतात.