अमेरिकन वसाहतींतील करविवाद

उत्तर अमेरिकेतील तेरा ब्रिटिश वसाहती आणि लंडनची पार्लमेंट यांच्यात १७६४ पासून करांवरून पेटलेला वाद. त्याची परिणती १७७५ च्या सशस्त्र उठावात आणि १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात झाली. करांच्या ओझ्याने पिचून वसाहती उठल्या, असा समज रूढ आहे. पण त्या काळी ब्रिटनमधला रहिवासी वसाहतवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता. भांडण रकमेचे कमी आणि ती बसवायची कोणी याचे जास्त होते.

फ्रान्सविरुद्धचे सप्तवार्षिक युद्ध १७६३ मध्ये संपले तेव्हा ब्रिटनच्या डोक्यावर १२ कोटी पौंडांहून अधिक कर्ज होते, शिवाय अमेरिकेत सुमारे १०,००० सैनिक पोसायचे होते. पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल यांनी त्यातला काही खर्च वसाहतींकडून काढायचे ठरवले. १७६४ च्या साखर कायद्याने परदेशी मळीवरची जकात गॅलनमागे ६ पेन्सांवरून ३ पेन्सांवर आणली. जकात घटली आणि तरी लोक चिडले, कारण ती आता खरोखरच वसूल होणार होती. न्यू इंग्लंडमधल्या रमच्या भट्ट्या फ्रेंच बेटांवरून चोरून आणलेल्या मळीवर चालत. आता अशा मालाचे खटले ज्यूरी नसलेल्या नाविक न्यायालयांत नेण्याची सोय झाली.

ठिणगी पडली ती १७६५ च्या मुद्रांक कायद्याने. खटल्याचे कागद, परवाने, वर्तमानपत्रे, पंचांगे, एवढेच नव्हे तर पत्त्यांचा जोड आणि फासे यांवरही छाप हवा. पत्त्यांच्या जोडाला १ शिलिंग, फाशांच्या जोडीला १० शिलिंग. इंग्लंडमध्ये असा कर १६९४ पासूनच होता, त्यामुळे ग्रेनव्हिलना त्यात वावगे वाटले नाही. मात्र वसाहतींत तो नेमका वकील, मुद्रक आणि गुत्तेवाले यांच्या खिशाला लागला. बोलणारे, छापणारे आणि लोक जमवणारे अशा तिघांना एकदम दुखावणारा कर शोधून काढणे तसे कठीणच!

१४ ऑगस्ट १७६५ रोजी सकाळी बोस्टनमधल्या एका एल्म झाडाला मुद्रांक विक्रेता म्हणून नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हर यांचा पुतळा लटकत होता. शेजारी एक बूट, त्यातून सैतान डोकावत असलेला. माजी पंतप्रधान लॉर्ड ब्यूट यांच्या नावावरची ती कोटी होती. ऑलिव्हर यांनी लवकरच पदावर पाणी सोडले. ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले. आमचे प्रतिनिधी पार्लमेंटमध्ये नाहीत, तेव्हा आमच्यावर कर बसवण्याचा हक्क फक्त आमच्या विधिमंडळांना, असे त्यांनी ठरावात मांडले. मँचेस्टर, बर्मिंगहॅम या शहरांनाही स्वतःचे खासदार नाहीत, तरी पार्लमेंट साऱ्या साम्राज्याच्या वतीने बोलते, हा लंडनचा युक्तिवाद वसाहतींना पटला नाही. ज्यांचा माल खपेना अशा ब्रिटिश व्यापाऱ्यांनीच तगादा लावल्यावर मार्च १७६६ मध्ये कायदा रद्द झाला. त्यासोबतच पार्लमेंटने दुसरा कायदा करून वसाहतींवर हवे ते कायदे करण्याचा आपला अधिकार जाहीर केला. म्हणजे कर गेला, वाद तसाच राहिला.

१७६७ मध्ये अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंड यांनी काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसवली. बहिष्कारापुढे १७७० मध्ये ती मागे घेतली गेली. चहावरची, पौंडभर वजनाला ३ पेन्स, तेवढी हक्काची खूण म्हणून ठेवली. १७७३ च्या चहा कायद्याने डबघाईला आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीला आपला चहा थेट अमेरिकेत विकायची मुभा मिळाली. त्यामुळे ही जकात भरूनही तो डच चोरट्या चहाच्या भावाशी टक्कर देऊ शकला असता. स्वस्त चहाबरोबर पार्लमेंटचा हक्कही गळी उतरेल, हीच विरोधकांची भीती होती. १६ डिसेंबरच्या रात्री बोस्टनच्या ग्रिफिन धक्क्यावर तीन जहाजांतल्या ३४२ पेट्या फोडून समुद्रात रिकाम्या केल्या गेल्या. कंपनीच्या नावामुळे आपल्याकडे तो भारतीय चहा असल्याचे अनेकदा मानले जाते. तो चीनचा होता. आसामातली लागवड एकोणिसाव्या शतकातली.

यानंतर शिक्षा म्हणून बोस्टन बंदर बंद झाले, बोस्टन ज्या वसाहतीत होते त्या मॅसॅच्युसेट्सची सनद मोडली गेली, आणि एप्रिल १७७५ मध्ये लेक्झिंग्टनला गोळ्या झडल्या. १७७८ मध्ये पार्लमेंटने महसुलासाठी वसाहतींवर कर बसवणार नाही असा कायदा केला. तोवर वसाहतींनी फ्रान्सशी तह करून टाकला होता.