भुब्बूला बोर होतंय

माझ्या भाचीने एक प्राणी पाळलाय. नाव भुब्बू. आकार बटाटेवड्याएवढा, डोळे मात्र लिंबाएवढे, आणि वय कायम ३ वर्षं, वाढतच नाही. दिसतो फक्त तिलाच. भांडुपच्या वन बीएचकेमध्ये खरा कुत्रा आणायला घरचे तयार नाहीत, म्हणून ही सोय. परवा म्हणाली, मावशी भुब्बूला दिवसभर बोर होतं गं, काहीतरी कर ना.

आता मी पडले जीवशास्त्रवाली, त्यामुळे मी सिरियसली विचार करायला बसले. (डोळे एवढे मोठे का, हे विचारायची गरजच नव्हती. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या कॉनरॅड लॉरेन्झने १९४३ मध्येच लिहून ठेवलंय की मोठे डोळे, गोल कपाळ, गुबगुबीत गाल दिसले की आपल्याला लगेच सांभाळावंसं वाटतं. पोरीने न वाचताच डिझाइन जमवलं.)

आपण काय करतो, तर बोर होतंय म्हटलं की नवीन खेळणं आणतो आणि दोन दिवसांनी ते पलंगाखाली जातं. पण प्राण्यांना खेळण्यापेक्षा काम जास्त आवडतं असं दिसतं. १९६३ मध्ये ग्लेन जेन्सन नावाच्या संशोधकाने उंदरांसमोर खाण्याची भरलेली वाटी ठेवली आणि शेजारी एक दांडी, ती दाबली की एक दाणा पडणार, म्हणजे फुकटचं समोर असताना मेहनत कोण करेल असं आपल्याला वाटणार ना, तर जवळजवळ सगळे उंदीर वाटी सोडून अधूनमधून दांडी दाबायला जात होते! याला कॉन्ट्राफ्रीलोडिंग म्हणतात. पुढे कबुतरांमध्ये आणि इतरही बऱ्याच प्राण्यांत हेच दिसलं. अपवाद मांजर. कॅलिफोर्नियात १७ पाळीव मांजरांना खटपट करून आतलं खाणं काढायचं कोडंवालं खेळणं आणि खाण्याची साधी ताटली दोन्ही दिलं, तर बहुतेकींनी ताटलीच पकडली. मला अजिबात नवल वाटलं नाही.

म्हणून भुब्बूसाठी पहिली वस्तू: पाण्याची रिकामी बाटली, तिला कुरमुरा जेमतेम बाहेर येईल एवढी भोकं, आत मूठभर कुरमुरे. लोळवली तर पडणार, नाही लोळवली तर नाही. खर्च शून्य.

दुसरं म्हणजे बदल. कॅलिफोर्नियातल्याच बर्कली विद्यापीठात १९६० च्या दशकात मार्क रोझेनझ्वाइग या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी काही उंदीर सोबत्यांबरोबर, खेळण्यांनी भरलेल्या मोठ्या पिंजऱ्यात ठेवले आणि ती खेळणी सारखी बदलत राहिले, तर रिकाम्या पिंजऱ्यात एकट्या राहिलेल्या उंदरांपेक्षा त्यांच्या मेंदूचा बाहेरचा थर जाड निघाला. तेव्हा भुब्बूची सगळी खेळणी एकदम बाहेर काढायची नाहीत, रोज दोनच, बाकी माळ्यावर. आंब्याच्या पेटीतला पेंढा एक दिवस, दुसऱ्या दिवशी मोज्यात बांधलेली बडीशेप, कारण वास हेसुद्धा खेळणंच असतं, आपण माणसं नाकाने जरा मंद म्हणून विसरतो. दोरे आणि सुटी बटणं मात्र नकोत, भुब्बू काल्पनिक असला तरी शेजारचं दीड वर्षाचं बाळ खरं आहे.

आणि चेंडू हवाच. लंडनला २०२२ मध्ये भुंग्यांपुढे लाकडी गोळे ठेवले होते, काही बक्षीस नाही, काही नाही, तरी ते गोळे लोळवत बसले. एकाने तर ११७ वेळा! त्यातही लहान वयाचे भुंगे जास्त खेळत होते, म्हणजे भुब्बूच्या वयाला हे एकदम फिट.

तर बाटली तयार झाली, मी बाईसाहेबांना सगळं समजावलं, शेजारी वाटीतही कुरमुरे ठेवले, भुब्बू काय निवडतो ते बघू म्हटलं. पाच मिनिटांनी निकाल आला: "भुब्बू मांजरासारखा आहे, त्याला वाटीतलेच पाहिजेत."

वाटी तिने भुब्बूपुढे सरकवली आणि स्वतः जमिनीवर पालथी पडून बाटली लोळवत एकेक कुरमुरा वेचून खात होती, जेवायला हाक मारेपर्यंत.