फ्रिजवरच्या कागदामागची सत्तर वर्षं

ऐरोलीला ताईच्या फ्रिजवर एक कागद लावलेला आहे. दोन चुंबकं, एका कोपऱ्याला हळदीचा डाग. हॉस्पिटलातून सोडताना आहारतज्ज्ञ बाईंनी हातात ठेवलेला. जेवताना पाणी नाही. आधी अर्धा तास नाही, नंतर अर्धा तास नाही. पहिला घास प्रथिनांचा. साखर बंद. बी-बारा, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व आयुष्यभर. मनाने पेनकिलर घ्यायची नाही. दर वर्षी रक्त तपासायचं.

ताईचं बायपास झालंय, पण जठराचं, लठ्ठपणावर करतात ते. हृदयाचं नव्हे. शेजारच्या काकूंना हा फरक अजून पटलेला नाही, त्या भेटल्या की आधी तिच्या छातीकडे बघतात आणि मग ‘जिने चढू नकोस गं’ म्हणतात.

पहिले दोन आठवडे मी ठाण्याहून नऊ-दहा नंबरवरून ट्रान्स हार्बर पकडून डबा घेऊन जायचो. डबा कसला, थर्मास. तुरीच्या डाळीचं गाळलेलं पाणी, पातळ ताक. औषधाच्या बाटलीबरोबर येतं ते प्लास्टिकचं मापाचं टोपण तिच्यासमोर असायचं. त्यातलं पंधरा मिलिलिटर ती घोट घोट करत पाच-सात मिनिटं पुरवायची. आयुष्यभर पंगतीत सगळ्यांच्या आधी हात धुणारी बाई! तेव्हा तो कागद मला शाळेच्या नियमावलीसारखा वाटला. घरी येऊन वाचत बसायची खोड असल्याने हळूहळू कळलं की त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ कुणीतरी आधी अंगावर काढलेली आहे.

सुरुवात १९५४ ची. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात क्रेमेन आणि लिनर हे सर्जन कुत्र्यांवर प्रयोग करून लहान आतड्याचा कुठला भाग पोषणाला किती लागतो ते पाहत होते. आतड्याचा मोठा भाग वगळला तर अन्न अंगी लागत नाही, हे उघडच होतं. मग तेच लठ्ठपणावर का वापरू नये, असा विचार त्यांनी केला. पुढे लॉस एंजेलिसच्या पेन आणि डीविंड यांनी त्याची मापं ठरवली: लहान आतड्याच्या वरच्या भागाचे चौदा इंच ठेवायचे, खालच्या भागाचे चार इंच, आणि ते एकमेकांना जोडायचे. सहा-एक मीटर लांबीच्या आतड्यातलं अर्ध्या मीटरच्या आतलं आतडं अन्नाच्या वाट्याला. बाकीचं पोटातच, पण रिकामं.

वजन उतरायचं यात वाद नव्हता. लोक हवं तितकं खायचे आणि बारीक व्हायचे. पण जुलाब थांबायचे नाहीत. न पचलेली चरबी आतड्यात कॅल्शियम धरून बसायची, त्यामुळे एरवी कॅल्शियमला चिकटून बाहेर जाणारं ऑक्झलेट रक्तात जायचं आणि मूत्रपिंडात खडे व्हायचे. रिकाम्या पडलेल्या आतड्यात जंतू माजायचे, सांधे सुजायचे. काहींचं यकृतच निकामी झालं. हजारो लोकांवर ही शस्त्रक्रिया झाली आणि त्यातल्या कितीतरी जणांचं आतडं पुन्हा पूर्ववत जोडावं लागलं. १९८० च्या सुमारास ती जवळपास बंद झाली. ‘दर वर्षी रक्त तपासायचं’ या ओळीमागे ही माणसं आहेत. वजनकाटा खूश असताना आत काय चाललंय ते काट्याला कळत नाही, हे त्यांच्यामुळे कळलं.

दुसरा धागा अल्सरचा आहे आणि मला तो जास्त आवडतो. त्या काळी जठराच्या अल्सरवर गोळ्या फारशा नव्हत्या, जठराचा भागच कापून काढत. आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं की अशा शस्त्रक्रियेनंतर बायकांचं वजन काही केल्या वाढत नाही. अल्सरवाल्यांना जो ताप, तोच लठ्ठ माणसाला उपाय. १९६६ मध्ये त्यांनी जठराचा वरचा लहानसा भाग वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडला, आणि पुढच्या वर्षी इटो यांच्यासह तो अनुभव प्रसिद्ध केला. आतडं जवळपास सगळं कामात राहिलं, त्यामुळे आधीच्या शस्त्रक्रियेचे हाल टळले. पण आतड्याचा वळसाच वर ओढून जठराला जोडलेला असल्याने पित्त उलटं वर यायचं. त्यावर १९७७ मध्ये केंटकीच्या ग्रिफेन यांनी उत्तर काढलं, तेही जुन्या पेटीतलं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे सेझार रू १८९० च्या दशकात आतडं इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखं जोडायचे: एका फांदीतून अन्न, दुसरीतून पित्त, दोघं खाली जाऊन भेटणार. ताईच्या पोटात आज तोच ‘वाय’ आहे.

अल्सरच्या शस्त्रक्रिया पुढे गोळ्यांनी संपवल्या. त्यात मार्शल आणि वॉरन यांनी अल्सरमागचा जंतू शोधून काढला, २००५ चं नोबेल त्याचंच. रोग औषधाने गेला, त्याची शस्त्रक्रिया मात्र दुसऱ्या रोगाच्या घरी नांदायला आली. येताना माहेरची दुखणीही घेऊन आली. जठर आणि आतड्याच्या जोडावर अल्सर होऊ शकतो; पेनकिलर आणि सिगारेट त्याला हमखास आमंत्रण देतात. म्हणून कागदावर ती ओळ.

‘साखर बंद’ हीसुद्धा अल्सरवाल्यांचीच देणगी. जठराची दारवानी गेली की गोड पदार्थ भसकन आतड्यात उतरतो, आतडं पाणी ओढून घेतं, हृदय धडधडतं, दरदरून घाम फुटतो. डॉक्टर याला डंपिंग म्हणतात आणि हा शब्द शंभर वर्षांपूर्वीचा आहे. ताईने तो कागदावर वाचला होता. पहिल्या गणपतीत अनुभवला. उकडीचा मोदक, पूर्ण नव्हे, नाकासकट वरचा तुकडा, वर चमचाभर तूप. पंधरा-वीस मिनिटांत ती आरतीच्या मधून उठून आत गेली आणि पंख्याखाली लादीवर आडवी झाली. ओठ पांढरे, कपाळावर थेंब. मला घाबरून रिक्षा बोलवायची होती. ती हातानेच ‘थांब’ म्हणाली. अर्ध्या-पाऊण तासाने उठून बसली आणि म्हणाली, ‘बाप्पा आता माझ्या वाटचं तूच खा.’ त्यानंतर तिला गोडाचा मोह झालेला मी पाहिला नाही. डंपिंग हा त्रास आहे की पहारेकरी, यावर माझं मत अजून ठरायचं आहे.

गोळ्यांचं गणित थोडं रुक्ष आहे, पण सगळ्यात आधी चुकतं तेच. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीला शोषलं जातं, आणि बायपासमध्ये नेमका तोच भाग वगळलेला असतो. साधं कार्बोनेटचं कॅल्शियम विरघळायला आम्ल लागतं. उरलेल्या अंगठ्याएवढ्या पिशवीत आम्ल जवळजवळ नाही, म्हणून सायट्रेटचं. लोह आणि कॅल्शियम एकमेकांच्या आड येतात, दोन तासांचं अंतर हवं. लोहावर चहा नाही (आमच्या घरात ही खरी शिक्षा). बी-बारा शोषायला जठरातला एक घटक लागतो, तोही अन्नाला भेटत नाही. ताई मासे खाणारी आहे. दिवा कोळीवाड्यातले ओले बोंबील मऊ आहाराच्या टप्प्यात तिला फार लाभले, काटा काढून नुसत्या चमच्याने दाबले तरी विरघळायचे. तरी तिला बी-बाराचं इंजेक्शन लागतंच. शाकाहारी घरांत तर हे जीवनसत्त्व मुळातच कमी सापडतं.

आणि बी-वन. शस्त्रक्रियेनंतर कुणाला सारख्या उलट्या होत असतील, तर ‘होतं असं, सवय होईल’ म्हणून बसायचं नाही. शरीरातला बी-वनचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो. तो संपला की चाल लटपटते, डोळे एका जागी ठरत नाहीत, स्मृती जाते, आणि उशीर झाला तर परत येत नाही. पॉलिशच्या तांदळावर जगणाऱ्यांना होणारा जुना बेरीबेरीही याच कमतरतेचा. अशा वेळी नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावणं धोक्याचं, आधी बी-वन द्यावं लागतं. फॅमिली डॉक्टरांना शस्त्रक्रिया झाल्याचं सांगायचं ते यासाठी.

आता ज्या कारणाने ताई तयार झाली ते. वजनापेक्षा तिला साखर छळत होती, अकरा वर्षं मधुमेह, दोन वेळा इन्सुलिन. नॉर्थ कॅरोलायनातले वॉल्टर पोरिस यांनी १९९५ मध्ये आपल्या ६०८ बायपास रुग्णांचा चौदा वर्षांचा हिशेब मांडला. त्यातल्या मधुमेह असलेल्या १४६ पैकी १२१ जणांची साखर ताळ्यावर आली होती. चमत्कारिक भाग असा की साखर काही दिवसांतच उतरत होती, वजन उतरायच्या आधीच. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचलं की तिथून जीएलपी-वनसारखी संप्रेरकं जोरात सुटतात, हे पुढे उलगडलं. आज ज्या वजनाच्या इंजेक्शनांची हवा आहे, मुंजारो आणि वेगोव्ही, २०२५ मध्ये भारतात आलेली, ती याच संप्रेरकांची नक्कल करतात. ताईचं इन्सुलिन चौथ्या दिवशी बंद झालं. तिने पेन फ्रिजच्या दारात तसंच ठेवलं होतं, महिनाभर. विश्वास बसत नव्हता.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया भारतात रुजली ती मुंबईतूनच. १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहम्टन उडवाडिया यांनी पित्ताशय असं काढलं. जठराचं बायपास दुर्बिणीतून केल्याचा अनुभव अमेरिकेतल्या विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेआधी पंधरा दिवस जो कडक आहार देतात तो दुर्बिणीबरोबर आला: यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो, तो आक्रसला तरच सर्जनला वाट मिळते. आणि सध्या सर्वाधिक होणारी स्लीव्ह ही मुळात अर्धवट सोडलेली शस्त्रक्रिया आहे. २००० च्या आसपास फार वजनदार रुग्णांना मोठी शस्त्रक्रिया झेपत नाही म्हणून ती दोन टप्प्यांत करू लागले. पहिल्या टप्प्यात जठराची उभी नळी करायची. कितीतरी जणांचं तेवढ्यावरच भागलं. ताईला ॲसिडिटी जुनी असल्याने स्लीव्ह नको म्हणाले, त्यात ती वाढू शकते.

राहिला पैसा. ताईची उंची १५५ सेंटिमीटर, वजन ८२ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ३४ च्या जरासा वर. हा आकडा ज्या सूत्राने निघतो ते १८३० च्या दशकात बेल्जियमच्या केटले नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने मांडलं, ज्याने कधी रोगी तपासला नाही. शस्त्रक्रियेसाठी ४०, किंवा सोबत आजार असेल तर ३५, ही रेघ १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका परिषदेने आखली. आपली शरीरं त्या रेघेत बसत नाहीत, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एका फोटोने दाखवलं. ते आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी युडकिन शेजारी शेजारी, दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. पुढे २००९ मध्ये भारतीय डॉक्टरांनी आपल्यासाठी ३७.५ आणि ३२.५ हे आकडे सुचवले. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनीही जुनी रेघ खाली आणली. पण विमा नियामकाने २०१९ मध्ये पॉलिसीच्या अटींचा जो नमुना दिला, त्यात ४० आणि ३५ हेच आकडे होते.

म्हणजे डॉक्टरांच्या लेखी ताई बसत होती, विमा कंपनीच्या लेखी दोन किलोंनी नापास. पत्र आलं त्या दिवशी मी म्हटलं, ‘ताई, आठवडाभर श्रीखंड-पुरी खा, जमून जाईल.’ ती हसली नाही. भावजींनी पीएफमधून पैसे काढले.

कागदावर नसलेलं बरंच आहे. तिसऱ्या महिन्यात केस मुठीने गळले आणि सहा-सात महिन्यांनी पुन्हा आले. दंडाची कातडी लोंबते, तिला शिवायला पुन्हा वेगळा खर्च, विम्यात तोही नाही. बांगड्या कोपरापर्यंत जातात. दोन वर्षांनी तीन किलो परत चढले आणि तिने आठवडाभर कुणाशी धड बोलणं केलं नाही, जणू परीक्षेत कॉपी करताना सापडली. २०११ मध्ये नितीन गडकरींनी ही शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा ती महाराष्ट्रात घरोघर माहीत झाली, पण पुढाऱ्याने सांगणं वेगळं आणि सोसायटीतल्या बाईने सांगणं वेगळं. तिला लगेच ‘शॉर्टकट’ ऐकावं लागतं.

परवा नौपाड्यात एका लग्नाला गेलो होतो. ताईने ताटात मटकीची उसळ दोन चमचे, पनीरचे तीन तुकडे घेतले आणि घड्याळ लावल्यासारखी चावत बसली. पंगतीत पाण्याचा जग घेऊन फिरणारा मुलगा तीनदा आला, तीनदा तिने पेल्यावर हात धरला. आईकडच्या एक मावशी समोर येऊन थबकल्या.

‘अगं बाई, केवढी वाळलीस! शुगर वाढली की काय?’

‘हो ना मावशी,’ ताई म्हणाली, ‘जरा पथ्यावर आहे.’ आणि माझ्या पायावर टेबलाखालून पाय दिला.