सगळ्यांचा फोन नंबर २१४७४८३६४७

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत मागच्या गणपतीला वर्गणीची यादी एका पोराने स्वतः बनवलेल्या ॲपवर टाकली, आणि प्रिंट काढून बघतो तर सगळ्यांचा मोबाईल नंबर एकच, २१४७४८३६४७! फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा बरोबर, कारण त्यांनी आठ आकडी लँडलाइन दिलेला. सेक्रेटरी म्हणाले हॅक झालंय. हॅक-बिक काही नाही हो, पोराने नंबरसाठी जो रकाना ठेवलेला त्यात ३२ बिट, म्हणजे ० किंवा १ मांडायच्या ३२ जागा, एक जातो अधिक-उण्याच्या खुणेला, उरलेल्या ३१ जागी १ मांडला की होतात २१४७४८३६४७, त्यापुढे जागाच नाही, आणि आपले मोबाईल नंबर ६ ते ९ ने सुरू होणारे म्हणजे सगळेच याहून मोठे, मग डेटाबेसने, म्हणजे यादी साठवणाऱ्या सॉफ्टवेअरने, गुपचूप सगळ्यांना याच आकड्यावर आणून बसवलं.

मला मजा वेगळीच वाटली. हा आकडा मूळ संख्या आहे, १ आणि स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. कॉम्प्युटरला त्याचं काही पडलेलं नाही, योगायोग आहे नुसता. १६ बिटवाल्यांची हद्द ३२७६७, तिला सरळ ७ ने भाग जातो, ६४ बिटवाल्यांच्या हद्दीलाही जातो.

२१४७४८३६४७ मूळ आहे हे सिद्ध केलं ऑयलर या गणितीने, १७७२ मध्ये, तेव्हा त्याची नजर जवळपास गेलेली. आता सरळ मार्गाने जायचं तर वर्गमूळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघायचं; वर्गमूळ ४६३४० च्या पुढे, तिथपर्यंतच्या मूळ संख्या ४७९२, म्हणजे तितके भागाकार, कोण करत बसणार! पण आपली संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १, आणि अशा संख्येला भाग घालवणाऱ्या मूळ संख्येला दोन अटी असतात: ६२ ने भागली की बाकी १ यायला हवी, आणि ८ ने भागली की १ किंवा ७. दोन्ही एकत्र केल्या की २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३. झालं, बाकीच्या सगळ्या न बघताच बाद. हजाराच्या आत फक्त ३११ उरते, करून बघा, बाकी ३५ येते. एकूण ऐंशीच्या आसपास भागाकार, तेही किचकटच म्हणा, पण आवाक्यातले.

पुढे कित्येक दशकं याहून मोठी मूळ संख्या कुणाला सापडली नाही. मधे १८११ मध्ये बार्लो नावाच्या इंग्रज गणितीने तर, हिच्यापासून बनणारी परिपूर्ण संख्या (स्वतः सोडून बाकी भाजकांची बेरीज जिच्याइतकीच भरते ती, ६ = १+२+३ तशी) याहून मोठी बहुधा कधी सापडणारच नाही, असल्या निरुपयोगी गोष्टीमागे लागणार कोण, असं लिहून टाकलं. लोक लागले की! २०२४ मध्ये सापडलेली मूळ संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे.

पोराने रकाना बदलला, नंबर आता अक्षरांसारखे ठेवतो. यादी मात्र सगळ्यांच्या दारात जाऊन परत भरावी लागली, काकूंचं दार सोडून.