रोटो आणि हेड-टू-हेड: सप्टेंबरात घोळ नेमका कुठे होतो

गणपतीत आरतीला उभं राहून अर्धा डोळा फोनवर ठेवणारे जे दोन-चार लोक इकडे न्यू जर्सीत असतात त्यातला मी एक. काय करणार, फँटसी बेसबॉलचा (अमेरिकेतल्या मेजर लीगच्या खऱ्या प्लेअरांची फोनवर आपली टीम करायची आणि त्यांच्या खऱ्या मॅचमधल्या आकड्यांवर आपली हार-जीत ठरायची, तो खेळ) सीझन नेमका तेव्हाच शेवटाला येतो. २०२४ ला तर गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि त्याच सुमारास माझ्या एका लीगचे प्लेऑफ, म्हणजे सुखकर्ता दुखहर्ता चालू आणि इकडे आपला पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, पहिल्याच इनिंगला मार खातोय.

तर परवा मामेभावाने विचारलं, तो यंदाच खेळायला लागलाय, की दादा तू दोन लीग खेळतोस, दोन्हीत तीच ॲप, तेच प्लेअर, त्याच दहा कॅटेगरी, मग एका टीममधे तू पिचर धडाधड बदलतोयस आणि दुसऱ्या टीमला दहा दिवस हातसुद्धा लावला नाहीस, हे काय आहे? प्रश्न बरोबर आहे. एक लीग रोटो आहे आणि दुसरी हेड-टू-हेड. एप्रिलमधे दोन्ही इतक्या सारख्या दिसतात की फरक कळला नाही तरी फारसं बिघडत नाही, सप्टेंबरात मात्र एकीची अक्कल दुसरीत वापरली की वाट लागते. मी लावून घेतलेली आहे, सांगतो पुढे.

आधी रोटो. हे नाव आलं एका रेस्टॉरंटवरून. १९८० ला डॅनियल ओक्रेंट आणि त्याचे दोस्त मॅनहॅटनमधल्या ला रोटिसरी फ्रान्सेज नावाच्या ठिकाणी जेवायला बसायचे, तिथून ही लीग निघाली म्हणून रोटिसरी, पुढे लोकांनी तोडून रोटो केलं. तेव्हा आठ कॅटेगरी होत्या, नंतर रन आणि स्ट्राइकआउट धरून दहा झाल्या: बॅटिंगच्या पाच (रन, होमरन, आरबीआय, स्टील, ॲव्हरेज) आणि पिचिंगच्या पाच (विन, सेव्ह, स्ट्राइकआउट, ईआरए, व्हिप). आरबीआय म्हणजे आपल्या बॅटिंगवर टीमला मिळालेले रन, स्टील म्हणजे पळून चोरलेला बेस, ॲव्हरेज म्हणजे दर ॲट-बॅटमागे, म्हणजे बॅटिंगच्या पाळीमागे, किती हिट. सेव्ह म्हणजे थोडक्या आघाडीची मॅच शेवटी सांभाळून देणं, स्ट्राइकआउट म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेला बॅटर. ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यात लागलेले रन, आणि व्हिप म्हणजे दर इनिंगला हिट आणि वॉक मिळून त्याने किती जणांना बेसवर जाऊ दिलं, दोन्ही जितके कमी तितके चांगले.

रोटोचा हिशोब शाळेच्या मार्कशीटसारखा नाही, तिथेच नवीन माणूस फसतो. समजा वर्गात १२ पोरं आणि १० विषय आहेत, तर इथे गणितात ९८ पडले की ९१ पडले याला काही किंमत नाही, गणितात तुझा नंबर कितवा तेवढंच बघायचं, पहिल्याला १२ पॉइंट आणि शेवटच्याला १, असे दहाही विषयांचे नंबर जोडायचे म्हणजे जास्तीत जास्त १२०. आणि परीक्षा एकच, मार्चच्या शेवटी सुरू होते आणि सप्टेंबरच्या शेवटाला संपते, मधे चाचणी नाही की काही नाही.

हेड-टू-हेड म्हणजे सरळ कुस्तीची जोड. सोमवार ते रविवार एक पैलवान समोर, त्याच दहा कॅटेगरीत त्या आठवड्यात कोण सरस ठरलं ते बघायचं, पुढच्या सोमवारी पाटी कोरी आणि पैलवान नवीन. बहुतेक लीगमधे सप्टेंबरात प्लेऑफ असतात, हरला की घरी, मग तू एप्रिल ते ऑगस्ट पहिला होतास का आठवा होतास ते कोणी विचारत नाही. (पॉइंटवाली हेड-टू-हेड पण असते, होमरनला इतके आणि स्टीलला तितके अशी, पण तिचं गणित वेगळं आहे, आज तिकडे जात नाही.)

आता माझी गोष्ट. मागे एका वर्षी ऑफिसच्या रोटो लीगमधे मी ऑगस्टअखेर दुसरा होतो. त्याच वेळी मित्रांच्या हेड-टू-हेडमधे मी स्ट्रीमिंग करत होतो, म्हणजे फ्री एजंटमधून (लीगमधे कोणाच्याच टीमला नसलेले प्लेअर) रोज एखादा आज पिच करणारा माणूस उचलायचा, आज वापरायचा, उद्या सोडायचा. तिकडे चाललं मस्त, म्हणून इकडेही तेच चालू केलं. तीन आठवड्यांत मी पाचवा. लाज अशी की नुकसान कुठून होतंय हेच मला कळत नव्हतं, कारण स्ट्राइकआउट तर वाढत होते!

झालं काय ते आकड्यांत बघा. सप्टेंबरला रोटो टीमच्या समजा १२०० इनिंग झाल्यात आणि ५०० रन गेलेत, म्हणजे ईआरए ३.७५. आता एखादा स्ट्रीमर ३ इनिंगमधे ८ रन देऊन आला तर होतो ३.८०. फक्त ०.०५, काहीच नाही असं वाटतं ना? पण लीगमधे ३.७६, ३.७८, ३.७९ वर तीन टीम दबा धरून बसलेल्या असतील तर त्या एका संध्याकाळी तीन पॉइंट गेले, आणि ते परत आणायचे तर एक चांगला दिवस पुरत नाही, कारण १२०० इनिंगचं ओझं वर ओढायला भरपूर चांगल्या इनिंग लागतात आणि तेवढे दिवसच उरलेले नसतात. तोच स्ट्रीमर हेड-टू-हेडमधे आला तर? आठवड्याच्या ४० इनिंग, १५ रन, ईआरए ३.३८, त्यात ही घाण पडली की थेट ४.८१. त्या आठवड्याचा ईआरए गेला, बहुतेक व्हिपही गेला. पण सोमवारी पाटी कोरी! आणि ईआरए-व्हिप सोडून विन आणि स्ट्राइकआउट मारायचे हा तुझा प्लॅनच असेल तर काही बिघडलंच नाही.

बॅटिंग ॲव्हरेजचंही असंच. ६५०० ॲट-बॅट झाल्यावर .२६२ वर असलेली टीम एका आठवड्यात २८० ॲट-बॅटमधे ९० हिट मारते, म्हणजे आख्खी टीम .३२१ ने पेटलेली, तरी टोटल सरकतं .२६४ पर्यंतच. त्यामुळे रोटोत सप्टेंबरला ॲव्हरेज, ईआरए, व्हिप यांचा पाठलाग करण्यात अर्थ नसतो, असलेलं सांभाळायचं. पाठलाग करायचा तो मोजून वाढणाऱ्या गोष्टींचा, आणि त्यातही सगळ्यांचा नाही.

सगळ्यांचा का नाही, तर माझे होमरन २६०, वरच्याचे २९१ आणि खालच्याचे २३८ असतील तर महिनाभर मी कितीही होमरन मारले तरी पॉइंट बदलत नाही, मग तिथे महागडा पॉवर हिटर ठेवून करायचं काय. पण स्टीलमधे मी ११८ वर आणि माझ्या डोक्यावर ११९, १२१, १२२ असे तिघं चिकटून, म्हणजे पाच स्टील केल्या की तीन पॉइंट. म्हणून सप्टेंबरात रोटोवाला माणूस एकूण टेबल बघत नाही, प्रत्येक कॅटेगरीत वरचा किती लांब आणि खालचा किती जवळ एवढंच बघतो आणि मग २५ होमरनवाल्याला सोडून कोणीतरी ॲव्हरेज .२३० चा पळणारा पोरगा उचलतो, लोक हसतात, हसू देत. २०२३ पासून तर बेस १५ इंचांचे १८ इंच झाले, पिचरला पिकऑफवर (बेसवरच्या माणसाला बाद करायला तिकडे बॉल फेकण्यावर) मर्यादा आली आणि मेजर लीगमधल्या स्टील एका वर्षात २४८६ वरून ३५०३ झाल्या, त्यामुळे असे पळणारे फ्री एजंटमधेही सापडतात. उलटं पण तसंच, सेव्हमधे खालचा ३० ने मागे असेल तर चार क्लोजर (शेवटी येऊन सेव्ह घेणारे पिचर) सांभाळत बसणं म्हणजे भरलेल्या विहिरीत कळशी ओतणं, दोन सोडून दे.

हेड-टू-हेडला या लांबच्या हिशोबाचा काही उपयोग नाही, तिथे समोरचा एकच. प्लेऑफमधे ६-४ ने जिंकलं काय आणि १०-० ने जिंकलं काय, पुढे तूच जातोस. रेग्युलर सीझनमधे बऱ्याच लीगमधे प्रत्येक कॅटेगरी टेबलमधे जोडली जाते म्हणून तिथे दहाही लढवाव्या लागतात, प्लेऑफमधे सहा पुरतात. समोरच्याकडे पाच क्लोजर असतील तर सेव्ह त्याला देऊन टाक आणि ती जागा दोन-स्टार्टवाल्या पिचरला दे. दोन-स्टार्ट म्हणजे पाच जणांच्या रोटेशनमधे ज्याची पाळी सोमवारी किंवा मंगळवारी येते तो शनिवार-रविवारी पुन्हा येतो, एका आठवड्यात दोनदा. रोटोत या गोष्टीला काडीची किंमत नाही, कारण तिथे आठवडा नावाची वस्तूच नाही, हेड-टू-हेडमधे मात्र रविवारी रात्री लोक याच्यासाठी जागतात.

दोन्हींतला फरक एका दिवसात बघायचा असेल तर १९ सप्टेंबर २०२४ घ्या, गुरुवार, मायामी. डॉजर्सचा शोहेई ओहतानी सहापैकी सहा हिट, तीन होमरन, १० आरबीआय, दोन स्टील, आणि त्याच मॅचमधे तो ५० होमरन आणि ५० स्टील एका सीझनला करणारा पहिला माणूस झाला. माझ्या माहितीतल्या एकाचा त्या आठवड्यात हेड-टू-हेडचा सामना होता, समोरच्याकडे ओहतानी, गुरुवारी दुपारपर्यंत हा ७-३ ने पुढे आणि रात्री जेवताना बोलायला तयार नाही. आमच्या रोटोत ओहतानी ज्याच्याकडे होता त्यालाही आनंद झाला, पण १० आरबीआय म्हणजे त्याच्या हजाराच्या घरातल्या टोटलमधे १० च, पॉइंट एक वाढला.

त्यामुळे माणसं सांभाळायची पद्धतही वेगळी. हेड-टू-हेड प्लेऑफमधला सगळ्यात मोठा शत्रू समोरचा मॅनेजर नाहीच, खऱ्या टीमचा मॅनेजर आहे. त्यांचं प्लेऑफचं तिकीट पक्कं झालं की स्टारला दोन दिवस विश्रांती, आणि ज्या टीम शर्यतीतून बाहेर पडल्यात त्या तरुण पिचरला गुंडाळून ठेवतात. २०१२ चा स्टीफन स्ट्रासबर्ग आठवा, वॉशिंग्टनने ७ सप्टेंबरच्या स्टार्टनंतर, १५९ इनिंग झाल्यावर त्याला थांबवलं, तेही टीम पहिल्या नंबरवर असताना. रोटोवाल्याकडे तोपर्यंत त्याच्या १५९ इनिंग जमा झालेल्या, त्या कोणी काढून घेत नाही. हेड-टू-हेडवाल्याच्या हातात ऐन प्लेऑफमधे रिकामी जागा. म्हणून हेड-टू-हेडमधे मी ऑगस्टपासूनच बघतो की कोणत्या टीमची शर्यत शेवटपर्यंत घासून चालणार, कारण तिथले स्टार रोज खेळतात.

आणि नावाचा मोह नको. हॅमस्ट्रिंग धरून बसलेला पहिल्या राउंडचा प्लेअर दोन आठवड्यांनी येईल असं म्हणत असतील तर हेड-टू-हेड सेमीफायनलला तो शून्य आहे, सोडून दे. हे मला अजून जड जातं, ड्राफ्टला, म्हणजे सीझनआधीच्या निवडीत, पहिला उचललेला माणूस म्हणजे घरातला थोरला असतो.

इनिंगच्या मर्यादेतही लोक गोंधळतात. रोटोत बहुतेक वेळा वरची मर्यादा असते, याहूवर नेहमीची १४००, म्हणजे १ सप्टेंबरला १३२० झाल्या असतील तर रोज स्ट्रीमर टाकणारा माणूस १२-१५ तारखेलाच संपला, मग त्याने रिलीव्हर (मॅचच्या मधे येऊन थोडंच टाकणारे पिचर) वापरावेत, कमी इनिंगमधे जास्त स्ट्राइकआउट देणारे. आणि ११५० वर असशील तर तू सगळा सीझन झोपला होतास, आता रोटो असूनही स्ट्रीमिंग करावंच लागेल, फक्त पार्क, म्हणजे मैदान, बघून कर, डेन्व्हरला कूर्स फील्डवर, सोळाशे मीटर उंचीच्या विरळ हवेत, चांगल्या पिचरचीही दैना होते तर फ्री एजंटची काय कथा. हेड-टू-हेडमधे उलट खालची मर्यादा असते, आठवड्याला अमुक इनिंग भरल्याच पाहिजेत, नाहीतर ईआरए-व्हिप आपोआप गेले. ती भरली आणि रविवारी सकाळी ईआरएमधे थोडा पुढे असशील तर सगळे पिचर बेंचवर बसव आणि फोन बंद कर.

हे बेंचवर बसवणं काहींना भेकडपणा वाटतो आणि ते लगेच बॉस्टनच्या जुन्या बॅटरचं, टेड विल्यम्सचं उदाहरण देतात, की १९४१ ला शेवटच्या दिवशी त्याचं ॲव्हरेज .३९९५५ होतं, राउंड करून .४०० झालंच असतं, तरी तो दोन्ही मॅच खेळला, आठपैकी सहा मारले आणि .४०६ वर संपवला. मान्य, दंडवत. पण तो टेड विल्यम्स होता आणि तुझ्याकडे रविवारी कोण पिच करतोय ते नाव आधी वाच.

शेवटचा रविवार मात्र असा आहे की त्या दिवशी दोन्ही लीग थोड्या सारख्या होतात. रोटोतही तेव्हा पुढचं काही उरलेलं नसतं, जे काय ते आजच, म्हणून त्या एका दिवसापुरतं रोटोही हेड-टू-हेडसारखं खेळायचं, ईआरएमधे ०.०१ ने पुढे असशील तर पिचर बसव, स्टीलमधे एकाने मागे असशील तर पळणारे तिघं आत घे. अडचण एवढीच की त्या दिवशी मेजर लीगच्या सगळ्या मॅच जवळजवळ एकाच वेळी सुरू होतात, इकडच्या दुपारी तीनच्या आसपास, त्यामुळे दुपारची मॅच बघून संध्याकाळची टीम बदलू असं चालत नाही, तीनला सगळं लॉक. आणि तोवर दोन्हीकडच्या टीम कधी नाव ऐकलं नाही अशा पोरांना उतरवत असतात (२०१९ पर्यंत सप्टेंबरात ४० जणांपर्यंत घेता यायचे, आता २८), म्हणून लाइनअप जाहीर झाल्याशिवाय कोणावर विश्वास नाही. मामेभावाला मी सांगून ठेवलंय की त्या दिवशी दोन ते तीन मला फोन करायचा नाही, त्याने विचारलं रोटोसाठी की हेड-टू-हेडसाठी, म्हटलं हेड-टू-हेडमधून मी तोपर्यंत बाहेर पडलेलो असतो रे.