फवारणीचा ड्रोन बुक करताना आम्ही एवढी चौकशी का करतो?

"अहो, दहा वर्षांची आपली ओळख, आणि आधार कार्ड मागता?" द्राक्षाच्या हंगामात तासगाव, मिरज भागातले बागायतदार आम्हाला हे रोज ऐकवतात. त्यांचा राग रास्त आहे, म्हणून कारण लिहूनच देत आहोत.

आमचा ड्रोन दहा लिटर औषध घेऊन उडतो. टाकीत औषध आहे की आणखी काही, हे यंत्राला कळत नाही. 27 जून 2021 ला मध्यरात्रीनंतर जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटकं टाकली गेली, दोन जवान जखमी झाले. त्याआधी इराकमध्ये मोसुलच्या लढाईत इसिसने बाजारात मिळणारे, लग्नाच्या शूटिंगला वापरतात तसले ड्रोन बॉम्ब टाकायला वापरले होते. म्हणजे त्यासाठी लष्करी यंत्रच लागतं असं नाही. आमच्या मते साधा ड्रोन भलत्या हातात जायच्या वाटा तीन: चोरी, उसनवारी आणि नाव न बदलता केलेली विक्री.

उसनवारी आमच्याकडे पूर्ण बंद आहे. ड्रोन आमच्या पायलटसोबतच येतो आणि त्याच्यासोबतच परत जातो. मागच्या वर्षी एका जुन्या ग्राहकांनी पुतण्यासाठी दोन दिवस नुसता ड्रोन मागितला. आम्ही नाही म्हणालो, आबा रागावून गेले. आम्हालाही वाईट वाटलं, पण उद्या कुणी मागितला तरी उत्तर तेच राहील. रात्री बॅटऱ्या ड्रोनपासून वेगळ्या, कुलपात ठेवतो.

सगळ्यात ढिलाई जुन्या ड्रोनच्या विक्रीत होते. ड्रोन नियम 2021 प्रमाणे ड्रोनला गाडीसारखा स्वतःचा नोंदणी क्रमांक असतो आणि विकल्यावर नव्या मालकाचं नाव ऑनलाइन चढवावं लागतं. मोबाईलवर जाहिरात टाकायची, रोख घ्यायची आणि मोकळं व्हायचं, असं कृपा करून करू नका. त्या ड्रोनने पुढे काही घडलं, तर पोलीस आधी तुमच्या दारात येतील. नाव बदलायची प्रक्रिया जमत नसेल तर दुकानात या, आम्ही समोर बसून करून देऊ. त्याचे पैसे घेत नाही. ड्रोन चोरीला गेला तर त्याच दिवशी पोलिसांत तक्रार द्या.

टाकी काढून तिथे वस्तू लटकवायची आणि वरून सोडायची सोय आम्ही बसवून देत नाही. 2019 चा महापूर पाहिलेल्या सांगलीकरांना औषधं पोचवायला अशी सोय किती मोलाची ठरेल, हे सांगायला नको. पण ते काम प्रशासनाच्या परवानगीने आणि देखरेखीखालीच व्हावं. शस्त्रं, दारूगोळा, स्फोटकं ड्रोनवरून नेण्यास नियमांनी बंदीच आहे.

कधी ठरलेली फवारणी ऐनवेळी रद्द होते. पोलीस अधीक्षक किंवा त्यांच्या वरचे अधिकारी एखाद्या भागात एका वेळी 96 तासांपर्यंत ड्रोनबंदी लावू शकतात. अशा वेळी आगाऊ रक्कम पूर्ण परत मिळेल किंवा पुढची तारीख मिळेल.

अनोळखी ड्रोन धरण, पूल किंवा वीज उपकेंद्राभोवती घिरट्या घालताना दिसला तर दगड मारू नका, पाडायला जाऊ नका. वेळ आणि दिशा लक्षात ठेवून 112 ला फोन करा. पडलेला ड्रोन सापडला तर हात लावू नका, मुलांना लांब ठेवा.

बुकिंगला येताना आधार, सातबारा आणि फवारायच्या औषधाचं नाव एवढं घेऊन या. दहा मिनिटांत काम होतं.