पाणलावा की रंगीत पाणलावा?

जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणाचा फुगवटा ओसरू लागला, की चांगदेवच्या बाजूला काठावरचा चिखल आणि लव्हाळं उघडं पडतं. तिथे अगदी पायाजवळून लांब चोचीचा तपकिरी पक्षी उडाला, की आपण ‘पाणलावा’ म्हणून मोकळे होतो. पण तो साधा पाणलावा किंवा रंगीत पाणलावा, दोघांपैकी कोणीही असू शकतो. दिसायला सारखे असले तरी रंगीत पाणलाव्याचं नातं खरं तर कमळपक्ष्यांशी जवळचं.

पाठीवरच्या पिवळसर रेघांवर विसंबू नका. त्या दोघांनाही असतात, आणि डोक्यावरचा मधला फिकट पट्टाही. त्यापेक्षा डोळा बघा. रंगीत पाणलाव्याच्या डोळ्याभोवती ठळक फिकट कडं असतं, मागे निमुळतं होत गेलेलं. शिवाय पोटाचा पांढरा रंग पट्ट्यासारखा खांद्यावर चढलेला दिसतो. साध्या पाणलाव्याच्या डोळ्यातून गडद रेघ जाते. त्याची चोच सरळ, सहा-सात सेंटिमीटर लांब. तिचं टोक लवचिक असतं, त्यामुळे चोच चिखलात रुतलेली असतानाच ते उघडून तो किडा धरतो. रंगीत पाणलाव्याची चोच आखूड, टोकाशी जराशी खाली वळलेली.

उडताना तर फरक लगेच कळतो. साधा पाणलावा खरखरीत ओरडून नागमोडी उडतो आणि लांब जाऊन उतरतो. रंगीत मुकाट्याने उठतो, पाय लोंबते ठेवून थोडं अंतर जातो आणि पुन्हा लव्हाळ्यात शिरतो.

साधा पाणलावा हिवाळी पाहुणा. त्याची वीण युरोप-सायबेरियातल्या ओल्या कुरणांत होते, काश्मीर-लडाखकडेही. तिथे नर उंचावरून सूर मारतो, तेव्हा शेपटीची कडेची पिसं थरथरून शेळी ओरडल्यासारखा आवाज येतो. खानदेशात मात्र आपल्याला तो ऐकायला मिळत नाही.

मला जास्त ओढ आहे ती रंगीत पाणलाव्याची, कारण तो बाराही महिने आपला. यात मादीच मोठी आणि देखणी, गळा गडद तांबूस. साद घालते तीच. अंडी घालून ती दुसऱ्या नराकडे निघून जाते; अंडी उबवणं आणि पिलं सांभाळणं फिक्या रंगाच्या नराकडे. घरटं जमिनीवरच, चिखलाकाठच्या गवतात.

म्हणून जुलैत एखाद्या पाझर तलावाच्या काठावर असा पक्षी उठला, तर तो बहुधा रंगीतच. साधा तेव्हा उत्तरेत असतो. अशा वेळी पुढे पाऊल टाकू नका, आल्या वाटेने मागे फिरा. गवतात अंडी असू शकतात.